लोहाचे डोहाळे

हेमांगी खिडकीचा गज चाटताना सापडली, तेव्हा सासूबाई हसल्या. "चाट गं, बाळच मागतंय!"

पोटावरचा पट्टा गर्भातल्या बाळाचं लोह मोजायचा आणि ते कमी पडलं की आईला तसे डोहाळे लावायचा. आधी बीट, मग पालक, आता गज.

बाळंतपण सुखरूप झालं आणि पट्टा निघाला. नाळेच्या रक्तात लोह भरपूर होतं.

"आता टाचेचा एकच थेंब," म्हणत नर्सने बाळाला टोचलं. लाल ठिपका उमटला आणि हेमांगीच्या तोंडाला पाणी सुटलं.

"घ्या, जवळ घ्या त्याला."

हेमांगीने दोन्ही हात पांघरुणात दडवले. सासूबाईंकडे बघत ती कशीबशी म्हणाली, "आई, त्याला तुमच्याजवळच ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका."