नावं मानाप्रमाणे

राजपुऱ्यात लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी आणि छपाई करून देणारी वैजयंती बावीस वर्षं एकाच सॉफ्टवेअरला धरून होती. कंपनी दरवर्षी सूचना मागायची आणि ती मनापासून लिहायची. बटणं कमी करा. मराठी अक्षरं मोठी दिसू द्या. नावं मानाप्रमाणे आपोआप लागू द्या, आत्याचं नाव मामाच्या खाली गेलं की मांडवात रुसवा होतो आणि बोल मला लागतो.

यंदाच्या नव्या आवृत्तीत सगळं आलं. वैजयंतीने हरखून शेजारच्या शारदाबाईंना पेढा दिला.

आठवड्याने शारदाबाईंची मुलगी पूजा मोबाइल घेऊन दुकानात आली.

"मावशी, दादाची पत्रिका आहे. बस, छापून द्या."

"अक्षरजुळणी कोणी केली?"

"मीच. तुमचंच सॉफ्टवेअर, आता मोबाइलवर पण चालतं. दस मिनट लागले फक्त, एकदम सोपं आहे."

वैजयंतीने चूक शोधत पत्रिका दोनदा वाचली. आत्या मामाच्या वरच होती.

पूजा गेल्यावर कॉम्प्युटरवर नेहमीची चौकट उघडली, 'आणखी काही सूचना?'

वैजयंतीने लिहिलं, 'पुन्हा अवघड करा.'