बांधावरचा तास

“तासभर बांधावर पळायची गरजच काय?” सुजितने मोबाईल बायकोच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक पिळदार माणूस जागच्या जागी उड्या मारत होता. “हे बघ. थोडा वेळ जीव तोडून, मग जरा आराम, परत जीव तोडून. चार मिनिटांत काम फत्ते. डॉक्टर लोक पण आता हेच सांगतात.”

सोनल बूट चढवत होती. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने घातलेल्या लांबलचक बांधावर बाकीच्या सुना तिची वाट बघत होत्या. जत्रेला महिना उरला होता. जत्रेच्या दिवशी देवळापुढच्या मैदानात सुना विरुद्ध लेकी असा कबड्डीचा सामना होतो आणि गावाला आठवतंय तेव्हापासून लेकीच जिंकतात. जिंकणारच. त्या याच मातीत लोळून मोठ्या झालेल्या. यंदा सुनांची कप्तान कल्पिता हट्टाला पेटली होती. रोज पहाटे तासभर पळायचं आणि दम वाढवायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

“आणि त्या तासात भाकऱ्या कोण थापणार गो?” आतून सासूने, बायजाने, विचारलं. “कल्पिता येणार हाय काय?”

सोनलच्या डोक्यात तिडीक गेली. आठच दिवस झाले होते बांधावर जायला लागून, आणि आठही दिवस हेच रामायण. तिने बूट काढून कोपऱ्यात फेकले.

“बरं. चार मिनिटं तर चार मिनिटं. पण तेवढ्या वेळात मला कोणी हाक मारायची न्हाय.”

ती गच्चीवर गेली. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला तिला भोवळ आली आणि ती पाण्याच्या टाकीला धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलू लागल्या. तरी ती रोज वर जात राहिली, कारण आता तिला सगळ्यांनाच दाखवायचं होतं. घराला आणि संघालाही.

संघ तर टपलेलाच होता. “गच्चीवर उड्या मारून कुठं कबड्डी होते काय?” संध्याकाळच्या सरावाला कल्पिता म्हणाली. “बांधावर येत नसशील तर राखीव बस.”

“एक चढाई करू दे,” सोनल म्हणाली. “पकडलंत तर मीच घरी बसेन.”

पकडता आलं नाही. तीन वेळा गेली, तीनही वेळा कोणाला तरी शिवून परत आली, आणि परत आल्यावर तिला धापही लागली नव्हती. कल्पिता कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग तिने सोनलला संघात घेतलं.

जत्रेच्या दुपारी शेवटच्या चढाईला दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. सोनल आत शिरली. एकीला शिवली आणि तेवढ्यात लेकींनी तिला घेरलं. एकीने घोटा धरला, दुसरी कमरेवर पडली. सोनल दोघींना घेऊन सरपटत निघाली. छाती फुटेल असं वाटलं, पण ती फुटली नाही. तिची बोटं मधल्या रेषेवर टेकली आणि सगळं मैदान उभं राहिलं.

सुनांनी तिला खांद्यावर घेतलं. सुजित गर्दीत येईल त्याला सांगत होता, “चार मिनिटं. फक्त चार मिनिटं. मीच शिकवलं.” सोनलला त्याचंही वाईट वाटलं नाही. आज ती सगळ्यांना पुरून उरली होती.

मग कल्पिता मागून ओरडली, “गोदूचा फ्रीज!”

आणि सगळ्या सुना हसून हसून मातीत बसल्या. खांद्यावरची सोनलही खाली आली. “कसला फ्रीज?”

“जाऊ दे गो,” गोदू डोळे पुसत म्हणाली. “ते सांगून न्हाय समजायचं. बांधावरचं हाय.”

कोणीतरी संघातल्या तेजस्वीला विचारलं, आई आता जेवते ना नीट? तेजस्वी म्हणाली, जेवते. तिची आई दवाखान्यात जाऊन, बरी होऊन घरीही आली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. तेजस्वीच्या शेजारी राहणाऱ्या सोनलला ठाऊक नव्हतं. हातात बक्षिसाची ढाल घेऊन ती त्यांच्यामध्ये उभी होती आणि आपण पाहुणी म्हणून आलोय असं तिला वाटत होतं. फार वाईट वाटलं तिला.

“उद्या बांधावर या गो सगळ्या,” कल्पिता म्हणाली.

“उद्या कशाला? सामना तर झाला,” सोनल म्हणाली.

“मग?” गोदूने विचारलं. तिला प्रश्नच कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोनल दाराशी पोचली तेव्हा सुजित अंथरुणात उठून बसला. “कुठं निघालीस? जत्रा झाली की.”

“बांधावर.”

“आणि भाकऱ्या?” बायजाचा आवाज आला.

“आल्यावर थापीन, आई. तोवर कोणाला भूक लागली तर पीठ डब्यात हाय.”

आत पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. सुजितला मात्र राहवेना. “अगं, पण तूच काल अख्ख्या गावाला दाखवून दिलंस. चार मिनिटांत भागतं म्हणून.”

“दमाचं भागतं,” सोनल कडी काढत म्हणाली. “माझं न्हाय भागत.”