न उमटणारी अक्षरं

आई गाणी उघडायला गेली की कॉम्प्युटर म्हणायचा, परवानगी नाही. ‘तुझ्या हातून पुसली जातील’ म्हणून नवऱ्यानेच त्या फोल्डरला कुलूप घातलं होतं. मुलीने फोनवर सांगितलेली कमांड आईने एकेक अक्षर शोधत लिहिली. मग पासवर्ड विचारला गेला; तोही मुलीनेच सांगितला.

“अगं, काहीच उमटत नाहीये. साधा ठिपकाही नाही. कीबोर्ड मेला वाटतं.”

“बाबांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स सिस्टिम आहे, तिच्यात पासवर्ड लिहिताना असंच असतं, आई. दिसलं नाही तरी तू लिहितेस ते पोचतंय त्याला. मध्येच सोडू नकोस. पूर्ण लिही आणि एंटर दाब.”

दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा आईने दात-ओठ खाऊन बटणं दाबली आणि फोल्डर उघडला.

गाणं लावून तिने पलंगावर निपचित पडलेल्या नवऱ्याजवळ खुर्ची ओढली. “स्वतःच्या घरात मला परवानगी नाही होय? बरे व्हा, मग बघते तुमच्याकडे.”

सलाईन बदलणारी नर्स म्हणाली, “काकू, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही हो त्यांच्या. रोज कशाला घसा कोरडा करता?”

“पोचतं त्यांना. उमटत नाही, एवढंच,” असं म्हणून आईने भांडण पुढे चालू केलं.