डावीकडचा आवाज

मिस्त्री गाडीखालून सरकत बाहेर आला, हात पुसले आणि मान हलवली.

“काही नाही ताई. पुढचं सगळं ठणठणीत आहे.”

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. उलट ती वाकून स्वतःच चाकामागे बघू लागली. चाकाचं बेअरिंग बदलून झालं होतं. ॲक्सलचा जॉइंट झाला, शॉकअप झाले. आवाज मात्र होता तिथेच. पुढून, डावीकडून, टक टक टक टक.

“आत्ता आपण दोघं चक्कर मारून आलो. आला का आवाज?”

“नाही आला. तुमच्यासमोर येतच नाही.”

“म्हणजे दवाखान्याची पायरी चढली की दाढ दुखायची थांबते, त्यातलं झालं.” मिस्त्री हसला.

“आवाज आहे,” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाबा म्हणाले. गॅरेजात आले की ते त्याच खुर्चीवर बसत, जॅकेटच्या खिशात हात घालून. “मीही ऐकलाय. जॉइंटच असणार.”

“काका, जॉइंट तुम्ही म्हणालात म्हणूनच बदलला ना मागच्या खेपेला?”

“मग दुसऱ्या बाजूचा बघा.”

मिस्त्रीने डोकं खाजवलं. “मला कोडं वेगळंच पडलंय. चाकाचा आवाज चाकाबरोबर पळतो. गाडी जोरात, तर तोही जोरात. तुमचा म्हणे एकाच तालात. फोर-व्हीलचा गिअर टाका नाहीतर काढा, त्याला काही देणंघेणं नाही. असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नाही.”

तिने किल्ली घेतली.

डोंगरावरच्या वस्त्यांना माणसं आणि सामान पोचवण्यात बाबांची हयात गेली होती. त्यांच्या हातात या गाडीने कधी हूं की चूं केलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात त्यांनी एके दिवशी अचानक किल्ली तिच्यापुढे धरली. “कंटाळा आला. आता तू चालव, मी शेजारी बसतो मुकादमासारखा.” ती हरखली होती. चार दिवस झाले नाहीत तोच हा आवाज सुरू झाला.

मागे बसणारे लोक तोंडावर काही म्हणत नसत. एक म्हातारी तेवढी उतरता उतरता बोलून गेली, “गाडीला हात कळतो गं बाई.” ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. मग एकदा तिने मुद्दाम बाबांना चालवायला बसवलं, आणि खरंच, आवाज गायब. त्या दिवशी तिने मनाशी कबूल केलं की खोट गाडीत नाही, आपल्यात आहे. मागे सात-आठ जीव बसलेले आणि एका बाजूला दरी, अशा रस्त्यावर आपलं चाक कधीतरी निखळणार, या भीतीने तिची झोप उडाली होती. शेवटी तिने गाडी विकायची आणि हे काम सोडायचं ठरवलं. उद्या गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

बाबा अडवतील असं तिला वाटलं होतं. ज्या माणसाने ही गाडी कधी दुसऱ्याला धुवूही दिली नव्हती, तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला होता, “विकून टाक.” तेच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. त्यांचाही आपल्यावर भरवसा उरला नाही, एवढाच तिने त्याचा अर्थ घेतला.

गॅरेज मागे पडलं, चढण लागली, आणि तो आलाच. टक टक टक टक. कड्याच्या वळणावर तर नेहमीसारखा वाढला.

“ऐकताय ना बाबा?”

“हं.” बाबा खिडकीबाहेर बघत होते. कुठे हरवले होते कोण जाणे.

तिच्याने आता ऐकवेना. वळणावर रस्ता जरा रुंद होता. तिने गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. इंजिन बंद झालं. दरीतून वारा तेवढा येत होता.

टक टक टक टक.

तिने हळूच डोकं वर केलं. चाकं थांबली होती, इंजिन थांबलं होतं. बाबांचं तोंड अजून खिडकीकडेच होतं. त्यांचा डावा हात सीट आणि दाराच्या मधल्या फटीत सोडलेला होता आणि आपला आपणच थरथरत होता. मनगटावर सैल झालेल्या घड्याळाचा स्टीलचा पट्टा दाराच्या पत्र्यावर आपटत होता, त्याच तालात.

शांतता बाबांच्या लक्षात आली. त्यांचा उजवा हात झटकन आला आणि त्याने डावा हात मांडीवर दाबून धरला. आवाज थांबला. गाडी उभी राहिली की रोज असाच थांबायचा. बाबांनी स्टिअरिंग घट्ट धरलं की थांबायचा. आणि हात खिशात घातला की त्याचं थरथरणं कोणाला दिसायचं नाही.

क्षणभर तिला हायसं वाटलं, आपला हात चांगला आहे म्हणून. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

“बाबा, एवढं सगळं बदलायला लावलंत. गाडी विकायला निघाले मी. मला सांगितलं का नाही?”

बाबांनी हातावरची पकड सैल केली. हात पुन्हा थरथरू लागला. दुसऱ्या कोणाच्या हाताकडे बघावं तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

“वाटायचं, आवाज निघावा गाडीचाच,” ते म्हणाले. “गाडीचा पार्ट तरी मिळतो गं.”