लाकडाची इस्त्री

पक्षाघाताच्या झटक्याने म्हाताऱ्या सुताराची जीभ लुळी पडली आणि घरच्यांनी त्याला जिवंतपणीच फोटोत बसवलं. त्याच्याशी कुणी बोलेचना. चार वर्षांची नात तेवढी जवळ येऊन विचारायची, "आजोबा, खिळ्याला लाकडात अंधाराची भीती वाटते का?" "गप गं, त्यांना बोलता येत नाही," आई करवादली. "मग मी शिकवते," म्हणत पोरीने हत्यारांच्या पेटीतून रंधा काढला. "म्हणा, इस्त्री." म्हाताऱ्याने जोरजोरात मान हलवली. "इस्त्रीच आहे. लाकडाच्या सुरकुत्या काढते." चाळीस वर्षं ज्या रंध्यावर पोट भरलं त्याची ही विटंबना त्याला सोसवेना. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताठल्या. "रं... रंधा." आईच्या हातातली औषधाची बाटली हातातच राहिली. मग तिने अख्खी पेटी पोरीपुढे आणून ठेवली. पोरीने हातोडी उचलली. "आजोबा, हा चमचा ना?"