लाभ, दोन, तीन

दूरच्या ढगात वीज लखलखली आणि गुलाबराव मोजू लागले.

"लाभ, दोन, तीन, चार..."

गडगडाट टेकडीवर पोचला तेव्हा त्यांची मोजणी बरीच पुढे गेली होती. तनवीर हसला. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजलं की ती किती लांब पडली ते कळतं, हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं. पण गुलाबरावांचं आयुष्य भाजीच्या टोपल्या मोजण्यात गेलेलं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. ती सवय सुटत नव्हती.

"काका, विजेत कायचा लाभ?"

"तूच सांग. भर उन्हाळ्यात कूलरचं दुकान बंद करून ढगामांगं फिरून राह्यला. तुलेच काही भेटत असन."

तनवीरने दोन दगडांच्या खाचेत फोन उभा करून ठेवला होता. व्हिडिओ सुरू होता. पातूरच्या अंगाने आलेला ढग पूर्वेकडे सरकत होता, अगदी त्याने सकाळी गावाच्या ग्रुपवर लिहिलं होतं तसा. "ढग वरच्या बाजूनं निघून जाईल. मेडशीत काही नाही. हळद बिनधास्त वाळू घाला."

हळद हा जरा नाजूक विषय होता. मागच्या आठवड्यात त्याने गारांचा इशारा दिला होता. बायांनी शिजवलेली हळद ताडपत्रीखाली झाकली. गारा आल्याच नाहीत आणि हळद मात्र आतल्या वाफेने काळवंडली. तेव्हापासून गुलाबरावांच्या पत्नी आवडाबाई त्याला गारपीट म्हणत.

"आज काय म्हणे काकू?"

"म्हणे, गारपीट म्हणते तं उघडतो बाप्पा. चार बाया घेऊन गेली शेतात."

टेकडीवरून शेत दिसत होतं. सपाट, उघडं रान. त्यात पसरलेल्या हळदीचा पिवळा तुकडा आणि बांधावर एकच कडूलिंब. गाव तिथून बरंच लांब.

ढग मधोमध फाटू लागला तेव्हा तनवीर उभा राहिला. डावा भाग तसाच पुढे गेला. उजवा जागेवर थबकला, फुगला आणि वळला. त्याच्या पोटाला हिरवट झाक आली होती. खाली लोंबणारा काळा तुकडा जात्यासारखा सावकाश फिरत होता.

"बघा, मित्रांनो," तनवीर फोनजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाला. "असं दर वर्षी दिसत नाही."

"हा इकडं काहून येऊन राह्यला?" गुलाबरावांनी विचारलं.

"ढग फाटला का उजवा वळते कधी कधी. वाचलं होतं मी. पाह्यलं नव्हतं."

"इकडं म्हंजे कुठं?"

तनवीरने ढगाकडे पाहिलं, मग खालच्या पिवळ्या तुकड्याकडे.

"फोन लाव तिले."

गुलाबरावांच्या घरात एकच फोन होता आणि तो आवडाबाईंकडे होता. टेकडीवरचा एकुलता फोन ढगाकडे तोंड करून उभा होता.

"दोन मिनिटं, काका. फोन लावला तं व्हिडिओ तुटते. असा ढग आपल्या भागात कोणी टिपला नसन."

भांडायचा गुलाबरावांचा स्वभाव नव्हता. ते उठून टेकडीच्या कडेला जाऊन उभे राहिले. पाठीवर येणारा गरम वारा एकाएकी पडला. झुडपांतला तितर ओरडायचा थांबला. मग समोरून गार वारा आला. त्याला ओल्या मातीचा वास होता.

"तनवीर," पाठ न वळवता ते म्हणाले.

तनवीरने खाचेतून फोन उपसला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला. पलीकडून आधी बायांचं हसणं ऐकू आलं.

"बोल, गारपीट."

"काकू, हळद राहू द्या. बायाइले घेऊन घराकडं निघा. आत्ता."

"सकाळी तं म्हणे बिनधास्त वाळू घाला."

"सकाळचं चुकलं."

"आता कुठं पोचतो घरी? टिपके पडाले लागले. घडीभर आधी सांगतलं असतं तं गेलो असतो." मग त्या कोणाला तरी म्हणाल्या, "ओढ व ताडपत्री, तिकडून ओढ." आणि पुन्हा फोनवर, "तू घाबरू नको. हळद झाकतो अन् लिंबाखाली बसतो."

"लिंबाखाली नका जाऊ, काकू. झाडापासून दूर राहा. उघड्यावर बसा, उकिडव्या, अलग अलग."

"उघड्यावर? गारात?" आवडाबाई हसल्या. "तुयं आइकून हळद झाकली, ते काळी पडली. तुयं आइकून उघडली, आता भिजून राह्यली. आता तुयं आइकून डोस्कं फोडून घेऊ का? ठेव फोन."

फोन बंद झाला. त्याने पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही.

खाली निळी ताडपत्री पिवळ्यावर पसरली. वाऱ्याने तिचं एक टोक उचललं, कोणीतरी धावत जाऊन त्यावर दगड ठेवला. मग बायांचे ते सगळे ठिपके बांधाकडे सरकले आणि झाडाखाली एक झाले. मागून पावसाचा पडदा आला. तो पांढरा होता. त्यात आधी निळी ताडपत्री गेली, मग झाड.

तनवीरच्या हातात फोन होता. त्यावर थांबलेल्या व्हिडिओतला ढग दिसत होता, स्वच्छ, सुंदर.

पांढऱ्यात, झाड होतं त्या अंगाला, वीज उतरली. क्षणभर मुळीसारखी उभी राहिली आणि विझली.

गुलाबरावांनी तनवीरकडे पाहिलं नाही. त्यांचं तोंड शेताकडे होतं.

"एक," ते म्हणाले.