उतरवलेला झेंडा

पालामा वस्तीतल्या गल्लीत सकाळपासून एकाही घराची खिडकी उघडली नव्हती. मयत झाल्यासारखी सारी गल्ली चिडीचूप होती. त्यामुळे सुझनची घोडागाडी मेलेआनाच्या दारात थांबली, तेव्हा चाकांचा आवाज नको इतका मोठा वाटला.

मेलेआना काळा झगा घालून ओट्यावर बसली होती. सुझन पांढराशुभ्र पोशाख सावरत खाली उतरली.

"माय, चल ना गं. तुझ्यासाठी गाडी घेऊन आलेय."

"कुठं?"

"राजवाड्यावर. झेंडा बदलायचा समारंभ आहे, माहितेय तुला. आज तिथं आपल्यातलं..." ती अडखळली. "तुमच्यातलं बघायला कुणीच येत नाहीये. बरं दिसत नाही ते."

"कुणाला बरं दिसत नाही?"

सुझन ओट्याजवळ आली. तिला मेलेआनानंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. बेटावरच्या बोलीत 'स' नाही, म्हणून सुझनची 'कुकाना' झाली ती याच ओट्यावर. तिचा गोरा बाप पाद्री म्हणून या लोकांना देव शिकवायला आला होता. नवरा त्यांचं राज्य अमेरिकेच्या पदरात घालणाऱ्यांत पुढं होता.

"मी काय परकी आहे का, माय? माझी नाळ तूच पुरलीस ना? त्या कुकुईच्या झाडाखाली?"

"पुरली की. नाळ पुरायला वीतभर जागा लागते, कुकाना. तेवढीच दिली होती."

सुझनचा चेहरा लालबुंद झाला. हातमोज्याची बोटं ओढत ती म्हणाली, "तू येऊ नकोस वाटल्यास. तुझा इओकेपा तर आहेच तिथं."

"इओकेपा बंदरावर पहाऱ्याला गेलाय."

"बंदरावर?" सुझनला खरंच नवल वाटलं. "तुला सांगितलं नाही त्यानं? अगं, झेंडा उतरवायला दोर कुणी धरायचा, तर तुमच्यातलं कुणीच तयार होईना. तुझा मुलगा आपण होऊन पुढं आला. मला किती अभिमान वाटला!"

आत जाळं विणण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. आत काहेले होता, मेलेआनाचा नवरा. राणीला सिंहासनावरून उतरवलं आणि नव्या सरकारनं नोकरमाणसांकडून इमानाची शपथ मागितली, तेव्हा काहेले राजवाड्याच्या बँडमधला कर्णा टेबलावर ठेवून घरी निघून आला आणि मासे धरू लागला. इओकेपानं शपथ घेतली आणि पोलिसात राहिला. या गोष्टीला पाच वर्षं झाली. बापलेक एका छपराखाली राहत होते, पण मिठाची चिमूट हवी असली तरी मेलेआनाच्या मार्फत मागत होते.

"जा तू," मेलेआना सुझनला म्हणाली. "उशीर होईल. नवऱ्याशेजारची खुर्ची रिकामी दिसेल."

दुपारी तोफा सुरू झाल्या. प्रत्येक बाराला भिंतीवरची भांडी थरथरत होती. मग जरा वेळ शांत झालं, आणि पुन्हा सुरू झाल्या. पहिल्या तोफा उतरणाऱ्या झेंड्यासाठी आणि दुसऱ्या चढणाऱ्या झेंड्यासाठी, हे गल्लीत कुणाला सांगावं लागलं नाही. पलीकडच्या घरातून एका म्हातारीनं मढ्यावर काढतात तसा गळा काढला. तो शेजारच्या घरानं उचलला, मग त्याच्या शेजारच्यानं. काहेले चटईवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

इओकेपा आला तेव्हा उन्हं कलली होती. आत येण्याचं त्याचं धाडस झालं नाही. बूटही न काढता तो पायरीवर बसला. मेलेआना समोर जाऊन उभी राहिली.

"बंदरावर होतास?"

"नाही."

तिनं सगळा जोर लावून त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं तोंड फिरवलं नाही. दुसरीची वाट बघत असल्यासारखा तो बसून राहिला. ती काही आली नाही.

"का रे केलंस?"

"कुणीतरी उतरवणारच होतं, आई. नाहीतर त्यांच्या एखाद्या शिपायानं खसकन ओढला असता. म्हटलं, आपल्या माणसानं उतरवावा. मातीला लागू द्यायचा नाही. नीट घडी घालायची आणि घरी घेऊन यायचा. बाबांना द्यायचा."

"मग कुठंय?"

इओकेपानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. दोराच्या वळांनी तळवे लाल झाले होते.

"घडी घालू दिली नाही. हातातून काढून घेतला आणि टेबलावर पसरला. म्हणाले, आमच्या बायकांना आठवण म्हणून एकेक पट्टी देऊ."

"कुकानाला?"

"मिळाली. छातीवर टाचून घेतली तिनं." त्यानं तळवे गुडघ्यांवर पुसले. "रडत होती ती. खरंच रडत होती."

मेलेआना पायरीवर त्याच्याशेजारी खाली बसली.

मागं दार करकरलं. काहेले उंबऱ्यात येऊन उभा राहिला होता. डोळे सुजलेले, अंगावर चटईचे वळ. त्यानं मुलाकडं पाहिलं.

"फाडला?"

इओकेपा ताडकन उठून उभा राहिला. पाच वर्षांत बाप त्याच्याशी पहिल्यांदाच बोलला होता.

"नाही, बाबा. कात्रीनं कापला. आधी मोजपट्टी लावून खुणा केल्या. एकीला रुंद पट्टी आणि एकीला अरुंद आली, तर कुणावर तरी अन्याय होईल, म्हणाले."